चवथीक न्हेली

बालवाडीच्या पायरीवर चपलांची रांग होती आणि त्या रांगेत लेकीच्या, सुवीच्या, लाल चपला नव्हत्या. एवढंच. विनोदिनी कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीत वास्कोच्या बाजारातून वाट काढत रोजच्यासारखी पोचली होती. एका हातात मिटलेली छत्री, दुसऱ्या हातात सुवीसाठी घेतलेले दोन उंडे पाव. तिनं रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, मग त्या टोकापासून या टोकापर्यंत. हरवलेली वस्तू दुसऱ्यांदा बघितली की सापडते असा आपला सगळ्यांचा भाबडा समज असतो. आतून यशोदा आली. यशोदा म्हणजे बालवाडीतली बाई; पोरांची नाकं पुसणं, भांडणं सोडवणं आणि दारावर पहारा देणं ही तिची कामं. पहारा तर असा की विचारू नका. गेल्या जुलैत मांडवीवरचा पूल पडला तेव्हापासून ती पोरांना दम देत असे की नव्या पुलाच्या पायात पुरायला माणसं पोरं पळवतात, अनोळखी कोणी चॉकलेट दिलं तर घ्यायचं नाही, हात धरला तर चावायचं. तीच यशोदा आता तोंडभर हसत म्हणाली, "बाय, तुमचो घोव आयिल्लो न्हय! चवथीक म्हूण न्हेली ताणें. चेडवाक कितली खोशी जाली!" आणि बाकाखालून तिनं एक नारळ काढला. वर विडा ठेवून सुतळीनं बांधलेला. "हें तुमकां दिवंक सांगलां."

विनोदिनीनं नारळ घेतला, कारण पुढं केलेला नारळ न घेणं तिच्या हाताला माहीत नव्हतं. मग ती तिथंच पायरीवर बसली. नारळ आणि विडा म्हणजे घरच्या कार्याचं, आता चवथीच्या गणपतीचं, आवतण. त्याला चिठ्ठी लागत नाही. नारळ दारात आला की समजायचं, बोलावणं आलं. म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, जयवंतच्या, हिशेबी त्यानं रीतसर कळवलं होतं. चौदा महिने वेगळं राहिलेल्या बायकोच्या गावात येऊन, तिच्या कचेरीवरून चालत जाऊन, तिची मुलगी उचलून न्यायची आणि मागं नारळ ठेवायचा! तिला संताप आला, आणि त्या संतापाच्या पोटात, नको असताना, हसूही आलं. पेडण्याच्या मराठी शाळेत पोरांना व्यवहारज्ञान शिकवणारा हा मास्तर खरोखर असाच होता. लग्नानंतर तिचा पहिला वाढदिवस विसरला म्हणून तिनं अबोला धरला, तेव्हाही त्यानं काही न बोलता तिच्या उशाशी अबोलीच्या फुलांचा वळेसर ठेवला होता आणि सगळं मिटलं असं समजून घोरत पडला होता. "बाय, कितें चुकलें?" यशोदानं विचारलं. तिचा चेहरा उतरला होता. विनोदिनी म्हणाली, "ना गो. तुजें कांयच चुकूंक ना." पण ती उठून निघाली तेव्हा उंडे तिथंच पायरीवर राहिले.

चुकलं कसं नाही, ते तिच्या वकीलबाईंनी दोन महिन्यांपूर्वीच सांगून ठेवलं होतं. सुमंगलाबाई म्हापशाच्या, बोलणं तुपासारखं आणि मुद्दा सुरीसारखा. त्या म्हणाल्या होत्या की आपल्या गोव्यात जुना पोर्तुगीज कायदा चालतो, त्यात मूल आईबाप दोघांचं. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत दोघांचाही हक्क, म्हणजे ज्याच्या हातात मूल त्याचंच मूल. "तुझी जमेची बाजू एकच, मुलगी वर्षभर तुझ्याकडे रुळली आहे. रुळलेलं मूल कोर्ट सहसा हलवत नाही. तेवढी तारखेपर्यंत तिला सांभाळ." तारीख चवथीनंतरच्या सोमवारी होती. आणि सुवी पेडण्याला, विनोदिनीच्या सासरी. तिथं तर ती जन्मापासून रुळलेली; तिला तिथली मांजरं नावानं ठाऊक. सोमवारी जयवंत तिचा हात धरून कोर्टात उभा राहिला आणि साहेबांनी विचारलं, बाळ कुठं राहतेस, तर काय? कचेरीत न जाता विनोदिनी सरळ पोलीस ठाण्यात गेली.

ठाण्यातला हवालदार टेबलाखाली एक गोणपाटाची पिशवी पायानं सारत होता. पिशवीतून चवथीच्या तोरिंगांचा, म्हणजे पपनसांचा, वास येत होता. तोही गावी निघायच्या तयारीत. त्यानं नाव, गाव, वय सगळं सावकाश लिहून घेतलं आणि मग कागदावरून मान वर न करता विचारलं, "न्हेल्लो मनीस अनोळखी काय ओळखीचो?" साधा प्रश्न. आठ वर्षांच्या संसारात विनोदिनीला त्या माणसाचं काय ठाऊक नव्हतं? चहा बशीत ओतून पितो. वह्या तपासताना नाकातल्या नाकात आरत्या गुणगुणतो. चादरीबाहेर एक पाय काढल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. वांगं खातो पण वांग्याचं देठ बघितलं की तोंड फिरवतो. इतकं सगळं ठाऊक असलेला माणूस एका भरदुपारी वास्कोच्या गाडीतून उतरेल, हातात नारळ घेऊन फाटकाशी उभा राहील, हे मात्र तिला स्वप्नातही ठाऊक नव्हतं. मग तो कोण? "ओळखीचो," ती म्हणाली, आणि आपण खोटं बोललो असं तिला उगाच वाटलं. "नातें?" "घोव." हवालदारानं पेन खाली ठेवलं. "बाय, कोर्टाचो हुकूम आसा?" "ना. सोमारा तारीख आसा." "कांय निरोप दवरला ताणें?" विनोदिनीनं पर्समधली चिठ्ठी नव्हे, कुशीत धरलेला नारळ टेबलावर ठेवला. हवालदारानं नारळाकडे पाहिलं, विड्याकडे पाहिलं, आणि बिचाऱ्याला हसू आवरेना. "बाय म्हजे, हें आवतण जालें. भुरगीं चोरपी मनीस नारळ दवरून वचना." मग तिचा चेहरा पाहून तो गंभीर झाला. परक्यानं पोर नेलं तर कायदा कसा धावतो, आणि बापानं नेलं तर कसा दारातच चपला शोधत बसतो, हे त्यानं आपल्या परीनं समजावलं. तरीही अर्ज त्यानं पुरा लिहिला. "सही केल्यार हांव आतांच पेडण्याक बिनतारी धाडटां. पोलीस घरांत वतले, ताका ठाण्यार हाडटले. उपरांत सोडटले कदाचित. पूण गणपतीच्या मुखावयल्यान उठोवन हाडटले." पेन त्यानं तिच्याकडे सरकवलं. ते पेन तिनं उचललं, पुन्हा ठेवलं, कागदाची घडी करून पर्समध्ये घातली आणि म्हणाली, पेडण्यालाही ठाणं आहे, तिथं जाऊन सही करीन. हवालदार म्हणाला, "तशें करात." त्यानं सुटकेचा श्वास सोडला तो तिला ऐकू आला.

गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. चवथीची गर्दी, लोकांच्या मांडीवर मखराचे कागद, पायांशी पिशव्या, आणि प्रत्येकाच्या तोंडावर घरी निघाल्याचा तो एक भाव, जो विनोदिनीला आज डोळ्यांसमोर नको होता. शेजारची बाई म्हणाली, "खंयच्या तुमी?" आणि विनोदिनी म्हणाली, "पेडण्याची." तोंडातून निघून गेलं. माहेर तिचं साखळीचं, राहणं वास्कोचं, आणि सांगताना पेडणं! माणसाच्या जिभेला कोर्टाची तारीख कळत नाही. मग तिला घर सोडलं तो दिवस आठवू लागला. तो आठवायचा नाही असं तिनं चौदा महिने निभावलं होतं, पण आज नारळ मांडीवर घेऊन ते जमेना. तेव्हा ती दर शनिवारी वास्कोहून पेडण्याला यायची, सोमवारी पहाटे परतायची. नोकरी तिच्या जिद्दीची. परीक्षा देऊन मिळवलेली. सुवी आजीपाशी. एका शनिवारी ती दारात आली, हात पसरले, आणि चार वर्षांची सुवी सासूच्या पदराआड गेली. खेळात नव्हे, खरोखर गेली. परक्या बाईला बघून मुलं जातात तशी. सासू चंद्रावती तिला पुढं ढकलत होती, "अगो, आवय मगे तुजी, वच," आणि सुवी पदर घट्ट धरून होती. त्या रात्री विनोदिनी जेवली नाही. जयवंतला ती म्हणाली, बदलीचा अर्ज करा, वास्कोला चला. तो म्हणाला, करीन. तो 'करीन' म्हणायचा तेव्हा त्याचा अर्थ 'बघू' असायचा, आणि 'बघू'चा अर्थ काहीच नसायचा. पुढच्याच महिन्यात एका सोमवारी ती सासूला म्हणाली, सुवीचा कान दुखतोय, म्हापशाला दाखवून येते. कान दुखत नव्हता. सासूनं कानाला कापूस लावून फडकं बांधलं, आणि गाडी सुटता सुटता रस्त्यापर्यंत धावत आली. तिच्या हातातल्या डब्यात गूळपोहे होते, पोर वाटेत भुकेजेल म्हणून. विनोदिनीनं तो डबा घेतला. आभारसुद्धा मानले. पणजीचा पूल ओलांडताना सुवीनं विचारलं, "दोतोर खंय?" विनोदिनी म्हणाली, पुढं. पंधरा दिवसांनी तो पूल पडला, आणि जयवंतचं जे एकमेव पत्र आलं त्यात शेवटी एवढंच होतं: तू गेलीस आणि पूलही गेला.

ते पोर पळवणं नव्हतं, ती आई होती. हे वाक्य तिनं इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. पण आज पणजीला गाडी सोडून ती फेरीबोटीत उभी राहिली, समोर नदीत तुटक्या पुलाचे खांब पाण्यात पाय सोडून बसलेले, आणि तिला वाटलं, हवालदारानं त्या सोमवारी विचारलं असतं तर? नेणारा माणूस ओळखीचा की अनोळखी? सुवीच्या आजीला कोणी विचारलं असतं तर? त्या माउलीनं कागद केला नाही, ठाणं गाठलं नाही. गावात सांगितलं, सून नातीला घेऊन नोकरीच्या गावी गेली, बरं झालं, लेकरू आईपाशी बरं. हे विनोदिनीला पेडण्याच्या एका ओळखीच्या बाईकडून कळलं होतं आणि तेव्हा तिला सासूचा रागच आला होता. एवढं चांगलं वागायची काय गरज होती? भांडली असती तर सोपं गेलं असतं. बेतीच्या धक्क्यावर बोट लागली. माणसं उतरायला लोटली. कोणीतरी म्हणालं, "सावकाश गो बाये, नारळ पडटलो." तिनं नारळ छातीशी धरला आणि पर्समधला कागद शाबूत आहे ना तेही चाचपून पाहिलं.

पेडण्याला ती पोचली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. ठाणं वाटेत लागत होतं. ठाण्यासमोर ती थांबली. दारात एक शिपाई केळीचे खुंट सायकलला बांधत होता. आधी सुवीला डोळ्यांनी बघते, मग सही, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि चढण चढू लागली. घराच्या सोप्यावर सासरे गोकुळदास चटई टाकून बसले होते आणि पुढ्यात सगळं रान पसरलं होतं: कवंडळं, तोरिंगं, सुपारीच्या घोसांची शिपटी, रानवेली, पिवळी-केशरी-हिरवी, गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीचं सामान. त्यांच्या घरची रीत अशी की माटोळीचं पहिलं शिपटं घरातल्या सगळ्यांत लहान हातानं बांधायचं. गेल्या वर्षी लहान हात नव्हता. म्हाताऱ्यानं ते स्वतः बांधलं आणि म्हणे आरतीला उभाच राहिला नाही. विनोदिनीला पाहून ते उठले नाहीत, दचकलेही नाहीत. "इलंस? बरां केलंस. फेरीक गर्दी आसतली. पाय धू आधी." जशी काही शनिवारचीच गाडी. आणि मग तिला जयवंत दिसला. खांबाला शिडी लावून तो माटोळीची चौकट तपासत होता आणि त्याच्या खांद्यावर, दोन्ही पाय छातीवर सोडून, त्याचे केस मुठीत धरून सुवी बसली होती. हातपाय चिखलानं माखलेले, फ्रॉक तोरिंगाच्या रसानं चिकट. "आई!" ती वरूनच ओरडली, "मी माटोळी बांधतलंय! फाल्यां सकाळीं! पयली मी!" ती खाली उतरली नाही. पण पदराआडही गेली नाही. विनोदिनीला एवढं पुरे झालं. तिला तिथंच पायरीवर बसून रडावंसं वाटलं.

जयवंतनं सुवीला खाली ठेवलं. सासू तिला धुवायला मागीलदारी घेऊन गेली. मग तो शिडीला टेकून उभा राहिला. केसांत कोळिष्टकं, आणि चेहरा परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा. "नारळ मेळलो मां?" त्यानं विचारलं.

"मेळलो," विनोदिनी म्हणाली. "तुमकां लाज दिसूंक ना? माका एक शब्द सांगूंक ना?"

"सांगलां आसतां तर दिली आसतंस?"

तिनं पर्समधून कागद काढून त्याच्या हातात दिला. त्यानं शेवटच्या उजेडात तो वाचला. शाळेतला निबंध वाचावा तसा, ओठ हलवत. 'अपहरण' या शब्दावर त्याचे ओठ थांबले. "बाबांनी सांगलां, चेडवाक घेवन ये. चवथीक आपल्या चेडवाक घराक हाडूंक परवानगी कोणाची, म्हणाले. माकाय तसांच दिसलां." मग हळूच, "सही ना हेच्यार." "करतलंय." "कर," तो म्हणाला आणि कागद तिला परत दिला. त्याच्या खिशाला पेन होतं, मास्तराच्या खिशाला असतंच. त्यानं तेही काढून दिलं. तो चिडला असता तर तिनं सही केली असती. हे त्या माणसाला कधीच कळलं नव्हतं आणि तिलाही ते आत्ताच कळत होतं. गोकुळदास वेली निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तेवढ्यात मागीलदारून सासूची हाक आली. पोरीला न्हाऊ घातलं, आता घालू काय? जयवंतनं पोर आणलं ते अंगावरच्या कपड्यानिशी. "जयवंता, झगो खंय तिचो?" जयवंत ओशाळला. पण आतून सुवीचा आवाज आला, "माझ्याकडे आसा!" आणि ती ओल्या अंगानं, कमरेला पंचा, धावत आली. कोपऱ्यातलं आपलं दप्तर तिनं उचललं, पाटी बाहेर ठेवली, रंगीत खडूंचा डबा ठेवला आणि तळातून एक फ्रॉक काढला. नीट चौघडी केलेला. त्याच्याखालून एक चड्डी. एक दातांचा ब्रश, कागदात गुंडाळलेला.

जयवंतनं विनोदिनीकडे पाहिलं. "तू भरून दिलंस? म्हणजे तुका खबर होतां?"

"माका कशी खबर? तुमी हाडलां ना हें?"

विनोदिनीनं फ्रॉक हातात घेतला. आकाशी, खिशावर बदक. हा फ्रॉक तिनं सहा महिन्यांपूर्वी बोहारणीला द्यायच्या बोचक्यात टाकला होता. कानाला कापूस लावून म्हापशाला निघाली होती तेव्हा सुवीच्या अंगावर हाच होता, आणि वास्कोत पुढचे दोन दिवसही हाच, कारण डॉक्टरकडे जाताना कोणी कपड्यांची पिशवी नेत नाही. रोज सकाळी ती दप्तराच्या वरच्या कप्प्यात डबा घालत असे. तळात कधी हात घातला नव्हता. "सुवी," ती म्हणाली, "हें कोणी घातलां गो?"

"मी." सुवी तिच्या हातातून फ्रॉक घेऊन डोक्यावरून ओढायच्या खटपटीत होती. "सदांच आसता."

"कित्याक?"

फ्रॉक कपाळाशी अडकला होता. वर्षभरात पोर वाढली होती. आतूनच तिनं सांगितलं, कसलाही राग नसलेल्या आवाजात, छत्री का घेतलीस याचं उत्तर द्यावं तसं. "कोण कधी खंय न्हेतलो, काय खबर?"

गोकुळदासांचे हात वेलींत थांबले. मागं उभ्या असलेल्या सासूनं तोंडाला पदर लावला. जयवंत शिडीवरून हात काढून खाली बसला, अंगणाच्या चिखलातच बसला, आणि दोन्ही तळव्यांनी तोंड पुसू लागला. विनोदिनीनं फ्रॉक अलगद खाली ओढला. तो गुडघ्यांच्या पार वर राहिला. मग तिनं पोरीला पोटाशी घेतलं. तिच्या केसांना शिकेकाईचा वास होता, आणि त्या वासात विनोदिनी मोठ्यानं, लाज सोडून रडली. इतके दिवस तिला वाटत होतं, पोर रुळलं. वकीलबाईंना वाटलं, पोर रुळलं. जयवंतलाही पोर त्याचा हात धरून गाडीत चढलं तेव्हा तसंच वाटलं असणार. आणि ते एवढंसं लेकरू रोज सकाळी पाटीखाली चड्डी ठेवून निघत होतं, हसत होतं, यशोदाबाईची गाणी म्हणत होतं, तयारीत होतं. अनोळखी माणसाचं भय त्याला सगळ्यांनी घातलं होतं. ओळखीच्यांचं ते आपलं आपणच शिकलं होतं.

सासू सुईदोरा घेऊन आली. "टीप उसव, दोन बोटां सुटतली," म्हणाली. विनोदिनी सोप्यावर बसली, सुवीला पुढ्यात उभी करून तिनं फ्रॉकची टीप दातांनी उसवायला घेतली. सही न केलेला कागद तिथंच चटईवर पडला होता. गोकुळदासांनी तो उचलला, वाचला नाही, आणि जयवंतपुढं धरला. "पाठीमागसून कोरो आसा. दोघांनी बसान लिवा, कोण कितले दिस, कधी. सोमारा सायबाक तांच दाखया. आमका इचारूंक नको." जयवंतनं पेन उघडलं. लिहायला सुरुवात केली, थांबला. "दिवाळी?" त्यानं विचारलं. "दिवाळी वास्कोक," विनोदिनी दातांत दोरा धरून म्हणाली. "शिगमो हंय. आनी बदलीचो अर्ज?" तो म्हणाला, "करीन," आणि तिनं वर पाहिलं तेव्हा घाईनं दुरुस्त केलं, "चवथ जाली काय लगेच. तुझ्या समोर लिवतंय." तिनं विश्वास ठेवला असं नाही. पण लिहून घ्या, म्हणाली.

सुवी एका पायावर उभी राहून हे सगळं ऐकत होती. विनोदिनीनं दोरा तोडला, झालर सरळ केली आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. असं काही विचारायची तिला सवय नव्हती, त्यामुळं शब्द अडखळत आले. "सुवी, चवथ जाली की आपण वास्कोक जावया? परत शिगम्याक हंय येवया. बाबा पोचयतलो. चलात तुका?"

सुवीनं आईकडे पाहिलं. मग खाली बसलेल्या बापाकडे, आजोबांकडे, आजीकडे. हा प्रश्न आपल्यालाच विचारला आहे याची तिनं बराच वेळ खात्री करून घेतली. मग फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि मोठ्या माणसाच्या सुरात म्हणाली, "इचार करून सांगतंय."

"सांग," विनोदिनी म्हणाली. आणि ती नि जयवंत, दोघं हातातली कामं खाली ठेवून, तिच्या उत्तराची वाट बघत बसली.